जमिनीखालचा सातबारा

(सोसायटीच्या सभागृहात रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिला आहे.)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत गुडघेदुखी झाली, मृत्युपत्र झालं, गीतेचा बारावा अध्याय झाला. मागच्या आठवड्यात सचिवांनी मला लिफ्टपाशी गाठलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटलं, "तेलाच्या आणि गॅसच्या पाइपलाइनींची माहिती इंटरनेटवर कशी शोधायची, यावर." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "त्यापेक्षा मुदत ठेवींवर बोला ना." घरी आमच्या सौभाग्यवतीही म्हणाल्या, "लोक चहा पिऊन निघून जातील." तरीही आपण बसला आहात, म्हणून आधी आपले आभार मानतो.

मी इंजिनिअर नाही. तेल कंपनीत कधी नोकरी केली नाही. सदतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी ग्रामीण शाखांत. विहिरी, मोटारी, द्राक्षबागा, गाई-म्हशी यांना कर्जं दिली. सातबारा वाचण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा मला अभिमान होता. तो अभिमान चार वर्षांपूर्वी कसा उतरला, तिथूनच सुरुवात करतो. पुढची सगळी शोधाशोध त्यातूनच झाली.

गावी आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. धाकटा भाऊ एसटीतून निवृत्त झाल्यावर गावी जाऊन राहिला आणि शेती बघू लागला. एक दिवस त्याचा फोन आला, "दादा, विहीर काढतोय. पाणाड्या बघून गेला. तळहातावरचा नारळ नाल्याकडच्या तुकड्यात उभा राहिला." मी म्हटलं, "नारळ राहू दे, सातबारा पाठव." त्यानं मोबाइलवर पाठवला. मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. बोजा नाही, कूळ नाही, 'इतर अधिकार' रकाना कोरा. मी त्याला सांगितलं, "सातबारा स्वच्छ आहे. खुशाल काढ." हे वाक्य मी बोललो, हे लक्षात ठेवा.

पोकलेन लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन माणसं मोटरसायकलवरून धावत आली आणि "बंद करा, बंद करा" म्हणून ओरडायला लागली. ते पाइपलाइनवर गस्त घालणारे होते. माझा पुतण्या त्या वेळी टेप घेऊन खड्ड्यात उतरला होता. त्यांनी आधी त्याला वर काढलं, मग यंत्र लावून जमीन तपासली. पोकलेनचं बकेट जिथे चाललं होतं तिथून दोन-अडीच हातांवर, पोलादी नळातून, दाबाखाली, तेल वाहत होतं.

पाइपलाइन आसपास आहे हे भावाला ऐकून माहीत होतं. पण ती शेजाऱ्याच्या बांधापलीकडून जाते, असाच त्याचा समज होता. कारण खुणेचा दगड तिकडे होता. तो दगड कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं केव्हाच पाडला होता आणि कुणीतरी तो उचलून सोयीच्या ठिकाणी नेऊन ठेवला होता. म्हणजे दगड खोटं सांगत होता आणि सातबारा गप्प होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुतण्याचं वय एकोणीस. मी जर "थांब, आधी चौकशी करू" म्हटलं असतं तर तो खड्ड्यात उतरलाच नसता. सकाळी उठून मी संगणक उघडला आणि ठरवलं, की आपल्या जमिनीखाली काय आहे हे घरबसल्या कळू शकत होतं का, याचा छडा लावायचा. त्याला मला अडीच महिने लागले. तुम्हाला अर्ध्या तासात सांगतो.

पहिले आठ दिवस माझे फुकट गेले. का ते सांगतो, कारण तुमचेही तसेच जातील. शोधपेटीत 'पाइपलाइन' आणि गावाचं नाव टाकलं, की ढीगभर गोष्टी समोर येतात. बातम्या येतात, जमिनीच्या दलालांच्या जाहिराती येतात. एक व्हिडिओ मी पाहिला, त्यात एक गृहस्थ ठणकावून सांगत होते की पाइपलाइन गेली म्हणजे जमीन सरकारजमा झाली. दुसऱ्या व्हिडिओतले गृहस्थ तितक्याच ठणकावून सांगत होते की काही होत नाही, वर बंगला बांधा. दोन्ही चूक.

नावांचाही घोटाळा असतो. समजा तुम्ही 'लोणी पाइपलाइन' असं शोधलंत. जामनगर ते लोणी अशी एक मोठी पाइपलाइन सापडेल. पुणेकर लगेच म्हणेल, ही आपल्या लोणी काळभोरची. ती तशी नाही. ती स्वयंपाकाच्या गॅसची, म्हणजे एलपीजीची लाइन आहे आणि तिचं लोणी उत्तर प्रदेशात, दिल्लीजवळ आहे. आपल्या लोणीला येते ती मुंबईहून पुण्याला आणि पुढे सोलापूरकडे जाणारी पेट्रोल-डिझेलची लाइन. दोन लोणी, दोन कंपन्या, दोन वेगळे पदार्थ. एका नावावर विसंबून निष्कर्ष काढला असता तर हजाराहून जास्त किलोमीटरची चूक झाली असती.

शेवटी मला बँकेतली सवय उपयोगी पडली. कर्जाच्या फाइलीतला कोणताही कागद हातात आला की आम्ही चार प्रश्न विचारत असू. हा कागद कुणी दिला? कधी दिला? देणाऱ्याचा यात फायदा काय? आणि मूळ प्रत कुठे आहे? हेच चार प्रश्न संगणकाच्या पडद्याला विचारायचे. ज्या पानावर तारीख नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही आणि मूळ कागदाचा पत्ता नाही, ते पान बाजूला ठेवायचं. एवढं केलं की ढीग एकदम खाली येतो आणि मोजक्याच जागा उरतात. त्या मी क्रमानं सांगतो.

पहिली जागा कायद्याची. 'इंडिया कोड' नावाचं केंद्र सरकारचं संकेतस्थळ आहे, तिथे केंद्राचे कायदे मूळ स्वरूपात मिळतात. आपल्या विषयाचा कायदा १९६२ सालचा आहे. त्याच सुमारास आसाममधल्या नहारकटियाचं कच्चं तेल नूनमाटी आणि बरौनीच्या शुद्धीकरण कारखान्यांपर्यंत नेणारी हजारावर किलोमीटरची लाइन टाकली जात होती. इतक्या लांबीची जमीन विकत घेत बसणं शक्य नव्हतं. म्हणून या कायद्यानं एक वेगळी युक्ती काढली. जमिनीची मालकी तुमचीच राहते. सरकार घेतं तो फक्त जमिनीखाली नळ टाकण्याचा आणि त्याची देखभाल करण्याचा हक्क. याला 'वापराचा हक्क' म्हणतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मालकी तुमची, बोजा त्यांचा. फरक इतकाच की हा बोजा हप्ते भरून फिटत नाही.

या कायद्यातलं नववं कलम प्रत्येक शेतकऱ्यानं आणि प्रत्येक प्लॉट घेणाऱ्यानं वाचावं. त्या पट्ट्यात तुम्ही ज्वारी लावू शकता, कांदा लावू शकता. पण इमारत किंवा दुसरं कोणतंही बांधकाम करता येत नाही, विहीर, तळं, बंधारा काढता येत नाही आणि झाड लावता येत नाही. पट्ट्याची रुंदी साधारणपणे १८ ते ३० मीटर असते. म्हणजे पाच गुंठ्यांच्या फार्महाउसच्या प्लॉटमधून असा पट्टा आडवा गेला, तर त्या प्लॉटवर तुळशीवृंदावनसुद्धा जपूनच बांधावं लागेल.

कायद्यात मालकाच्या बाजूच्याही गोष्टी आहेत. राहत्या घराची जागा, आधीपासून असलेलं पक्कं बांधकाम, घरालगतची जागा यांच्याखालून नळ नेता येत नाही. एक मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकता येत नाही. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. भरपाई म्हणून जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के आणि शिवाय पिकाचं, झाडांचं झालेलं नुकसान मिळतं. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. किती लोकांना हे माहीत असेल? मी शेतीकर्जाचा अधिकारी, मलाही माहीत नव्हतं.

दुसरी जागा राजपत्राची, म्हणजे गॅझेटची. पाइपलाइन टाकण्यापूर्वी ती कोणत्या जमिनींतून जाणार हे भारताच्या राजपत्रात छापावंच लागतं. भाग २, खंड ३, उपखंड दोन हा तिचा पत्ता. खाली तक्ता असतो : जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक आणि हेक्टर-आर-चौरस मीटर. ही राजपत्रं ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर पाहता येतात. अडचण एवढीच, की जुन्या अंकांची पानं म्हणजे कागदाचे फोटो आहेत. त्यात गावाचं नाव टाकून शोध घेतला तर हाती काही लागत नाही. साल आणि महिना ठाऊक असेल तरच पान सापडतं. आणि गावाचं नाव हिंदीत आणि इंग्रजीत छापलेलं असतं, तेही छापणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. आमच्या गावाच्या नावातला 'ळ' तिथे 'ल' झाला होता.

मग साल कुठून मिळवायचं? इथे तिसरी जागा येते, आपल्या महसूल खात्याची. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा मिळतो हे आता गावातल्या पोरांनाही माहीत आहे. पण सातबारा म्हणजे नुसता आजचा शिल्लक आकडा. खातं कसं चाललं हे फेरफारात कळतं. जुने फेरफार, जुने सातबारे यांचे फोटो राज्यात 'आपले अभिलेख' या सेवेत ठेवले आहेत. मी आमच्या गटाचे एकेक फेरफार मागे मागे वाचत गेलो आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका पानावर थबकलो. वापराच्या हक्काची नोंद तिथे होती, अधिसूचनेच्या तारखेसकट! तारीख मिळाली, राजपत्र मिळालं, तक्त्यात आमचा गट मिळाला.

मग आजच्या सातबाऱ्यावर ती नोंद का नव्हती? कारण मधल्या काळात आमची वाटणी झाली. एका गटाचे दोन पोटहिस्से पडले. नोंद चुलतभावाच्या हिश्श्यावर गेली, आमच्या हिश्श्यावर उतरायची राहिली. पाइप मात्र दोन्ही हिश्श्यांतून जात होता. कागद बदलला म्हणून नळ थोडाच सरकतो! मी भावाला सातबारा स्वच्छ आहे म्हणालो ते खरं होतं, पण तो कोरा राहिला होता म्हणून स्वच्छ होता. कोरा रकाना म्हणजे 'काही नाही' असं नसतं. 'कुणी लिहिलं नाही' असाही त्याचा अर्थ होतो. सदतीस वर्षांच्या नोकरीत हे मी शिकाऊ अधिकाऱ्यांना शिकवत आलो होतो, आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत विसरलो.

चौथी जागा नियामकांची. आपल्याकडे २००६ सालच्या कायद्यानं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ स्थापन झालं. कोणत्या कंपनीला कोणती गॅसवाहिनी टाकायला मान्यता आहे, कोणत्या जिल्ह्यात घरगुती गॅस कोण पुरवणार, याच्या याद्या आणि देशाचा नकाशा त्यांच्या संकेतस्थळावर आहे. पेट्रोलियम मंत्रालयाचा एक नियोजन व विश्लेषण कक्ष आहे, तो प्रत्येक लाइनची लांबी, क्षमता, त्यातून प्रत्यक्ष किती माल वाहिला याचे तक्ते प्रसिद्ध करतो. सुरक्षिततेसाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आहे. त्यांचं २२६ क्रमांकाचं मानक गॅसवाहिन्या आणि शहरातलं गॅसचं जाळं यांच्यासाठीच आहे. आणि स्फोटक व पेट्रोलियम पदार्थांच्या सुरक्षेची जी केंद्रीय संघटना आहे, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. जंगलातून किंवा अभयारण्यातून लाइन जाणार असेल तर पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर तिचे अर्ज आणि नकाशे बघायला मिळतात. संसदेत खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरंही वाचण्यासारखी असतात. मंत्र्याला तिथे जबाबदारीनं उत्तर द्यावं लागतं.

हे सगळं वाचताना आपल्या महाराष्ट्राचं एक वेगळंच चित्र डोळ्यांपुढे आलं. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल लागलं, १९७६ मध्ये ते निघू लागलं, आणि पुढे समुद्राच्या तळावरून नळ उरणला आले. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांतून एक लाइन घाट चढून मनमाडला आणि पुढे उत्तरेकडे जाते, एक पुण्या-सोलापूरकडे. समृद्धी महामार्गाच्या सोबतीनं नागपूरकडे गॅसची लाइन नेली आहे. आपण नद्या, घाट, रेल्वे पाठ केली. पण जमिनीखालचा हा भूगोल आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हता.

आता तुम्ही विचाराल, एवढी सगळी माहिती आहे, तर सरळ एक नकाशा का देत नाहीत? माझं शेत इथे, पाइप तिथे, विषय संपला. मीही हेच विचारत होतो. अमेरिकेत असा सरकारी नकाशा आहे. कुणीही संगणकावर आपला परगणा उघडून मोठ्या लाइनी बघू शकतो. पण त्यातही सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बंधनं आली. एका वेळी एकच परगणा दिसतो, आणि घरोघर गॅस नेणारे नळ त्यात नाहीतच. शिवाय त्या नकाशातली रेघ प्रत्यक्ष जागेपासून ५०० फुटांपर्यंत इकडेतिकडे असू शकते. ५०० फूट म्हणजे आपल्या सोसायटीच्या फाटकापासून मागच्या भिंतीच्याही पलीकडे. खोदण्यासाठी हा नकाशा वापरू नका, असं ते स्वतःच सांगतात. खोदायचं असेल तर तिथे ८११ हा क्रमांक लावायचा. माणसं येऊन जमिनीवर रंगानं खूण करून जातात.

आपल्याकडेही तशी सोय झाली आहे. मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी अॅप सुरू झालं. खोदणाऱ्यानं जागा कळवायची, म्हणजे त्या जागेखाली ज्यांच्या केबली आणि नळ आहेत त्यांना संदेश जातो. मोबाइलमध्ये जागा असेल तर सुप्रभातचे फोटो थोडे कमी करा आणि हे ठेवा.

मूळ कागदाच्या बाबतीत एक गोष्ट मला फार शिकवून गेली. ९ सप्टेंबर २०१० रोजी संध्याकाळी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो या उपनगरात, अगदी आपल्यासारख्या वस्तीत, जमिनीखालची गॅसवाहिनी फुटली. ८ माणसं गेली, ३८ घरं नष्ट झाली. गॅस बंद करायलाच दीड तासावर वेळ लागला. तिथल्या चौकशीचा अहवाल इंटरनेटवर संपूर्ण वाचायला मिळतो. नळ १९५६ साली टाकलेला. कंपनीच्या दप्तरात लिहिलं होतं की तो बिनजोडाचा आहे. प्रत्यक्षात त्या तुकड्याला लांबीभर जोड होता आणि त्याचं वेल्डिंग सदोष होतं. चुकीची नोंद एका कागदावरून दुसऱ्या कागदावर, तिथून संगणकात, चोपन्न वर्षं उतरत राहिली. संगणकात गेली म्हणजे चूक दुरुस्त होत नाही. उलट जास्त खरी वाटायला लागते.

आपल्याकडे २७ जून २०१४ रोजी पहाटे आंध्र प्रदेशातल्या नगरम गावी गॅसवाहिनी फुटून वीसहून जास्त माणसं दगावली. लोक झोपेत होते, कुणी चहा ठेवत होतं. पाइपलाइन ही टँकरपेक्षा सुरक्षित वाहतूक आहे, हे खरं आहे आणि मी कुणाला घाबरवायला उभा नाही. पण सुरक्षित वस्तूही कुठे आहे हे माहीत असावं लागतं.

म्हणून माझा नियम असा : संगणकावर शोध पूर्ण झाला की काम अर्धं झालं. उरलेलं अर्धं काम कंपनीला लेखी पत्र देऊन, त्यांच्या माणसाला जमिनीवर उभं करून, यंत्रानं जागा दाखवून घेऊन पूर्ण होतं. लेखी पत्राची पोच मात्र घ्यायची.

जाता जाता शोधण्यातला एक धोका सांगतो, कारण तो आपल्या दारात आला होता. आपल्याच सोसायटीतल्या एका भगिनींना मोबाइलवर संदेश आला, "गॅसचं बिल थकलं आहे, आज रात्री साडेनऊला जोडणी तोडली जाईल." त्यांनी घाबरून इंटरनेटवर गॅस कंपनीचा फोन क्रमांक शोधला. सगळ्यात वर जो क्रमांक आला तो भामट्याचा निघाला. त्यानं एक फाइल उघडायला लावली आणि खात्यातले पैसे गेले. त्यांनी परवानगी दिली म्हणून नाव न घेता सांगतो आहे. क्रमांक शोधायचा असेल तर तो छापील बिलावर शोधा. बिल म्हणजे मूळ कागद. आणि फसलातच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पहिला तास महत्त्वाचा असतो.

आता विहिरीचं काय झालं ते सांगतो. विहीर पट्ट्याबाहेर, वरच्या अंगाला काढली. पाणी थोडं कमी लागलं, पण लागलं. राजपत्राची प्रत जोडून तलाठ्याकडे अर्ज दिला आणि आमच्या सातबाऱ्यावर नोंद चढवून घेतली. भाऊ म्हणाला, "दादा, लोक बोजा उतरवायला खेटे घालतात, तू चढवायला घातलेस." खुणेचा दगडही कंपनीच्या माणसांनी मोजून जागेवर बसवला.

एवढ्यावर थांबलो असतो तर तुमच्यापुढे शहाणा म्हणून मिरवता आलं असतं. पण गेल्या दिवाळीत गावी वडिलांची लोखंडी पेटी उघडली. तळाशी बांधलेल्या पुडक्यात ती जुनी नोटीस निघाली. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. नोटीस आली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे शाखेत टपालानं पाठवली होती. तिच्या समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "सरकारी काम आहे. सही करायला हरकत नाही." मी ते न वाचताच लिहिलं होतं. मार्चअखेर असेल, टेबलावर ढीग असेल. गट क्रमांक, पट्टा, विहिरीची मनाई, सगळं त्या कागदावर होतं. अण्णांनी तो जपून ठेवला, कारण त्यावर शिकलेल्या मुलाची टीप होती. जी माहिती शोधायला मला अडीच महिने आणि अर्धा डझन संकेतस्थळं लागली, ती पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या हातात येऊन गेली होती.

मी ती नोटीस भावाला दाखवली. तो काही बोलला नाही. पुतण्यानं मात्र तिचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, "काका, आता हा माझ्याकडेही राहू दे." मला बरं वाटलं.

मंडळी, हे सगळं सोसायटीत सांगायचं कारण आता सांगतो. या रौप्यमहोत्सवी वर्षात आपण मागच्या बाजूला शोषखड्डे घेणार आहोत, पेव्हर ब्लॉक बदलणार आहोत. आपल्या दप्तरात इमारतीचा नकाशा आहे, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांचा आहे. गॅसचा नळ आवारातून कुठून आणि किती खोल गेला आहे, याचा नकाशा नाही. मी कार्यालयातल्या सगळ्या फाइली पाहिल्या. ज्या वर्षी जोडणी आली त्या वर्षीच्या समितीतले दोघे आज हयात नाहीत आणि एक जण मुलाकडे परदेशी आहेत. सुरक्षारक्षक सांगतो, "साहेब, बहुतेक पिंपळाच्या बाजूनं." म्हणजे आपली अवस्था आमच्या शेतातल्या दगडासारखीच.

शेगडीपाशी गॅसचा दाब फक्त २१ मिलिबार असतो, पण रस्त्याखालच्या नळात तो त्याच्या कितीतरी पट, ४ बारपर्यंत असू शकतो. जमिनीवरचा नळ लोखंडी आहे, जमिनीखालचा पॉलिथिलीनचा. कुदळीचा एक घाव त्याला पुरतो. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, हे आपलं नशीब.

म्हणून माझी समितीला तीन गोष्टींची विनंती आहे. गॅस कंपनीला पत्र देऊन आवारातल्या वाहिनीचा आराखडा मागवावा आणि तो कार्यालयात लावावा. खोदकामापूर्वी कंपनीचा माणूस बोलावून जमिनीवर खूण करून घ्यावी. तोवर कंत्राटदारानं कुदळ लावू नये. आणि तातडीचा फोन क्रमांक, बिलावरून उतरवून, प्रत्येक लिफ्टपाशी लावावा. पत्राचा मसुदा मी लिहून आणला आहे, सचिवांकडे देतो. पोच आणायलाही मीच जाईन.

पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव येईल. तेव्हा आपल्यातले बरेच जण नसतील. त्या वेळच्या समितीनं कपाट उघडलं तर तिला तो आराखडा सापडावा, त्यावर तारीख असावी, सही असावी, आणि ती सही करणाऱ्यानं तो वाचलेला असावा.

चहा तयार आहे असं खुणावत आहेत.